दोन्ही टोकांना पिना

बेस वाजवताना चासमादी चपला काढून ठेवायचा. स्टेज फळ्यांचं असो, बांबूचं असो, नाहीतर खळ्यावर नुसत्या चटया टाकलेल्या असोत, हा आपला अनवाणी. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मला पायातनं ऐकू येतं," आणि नाकातल्या नाकात हसायचा. उंच, किडकिडीत माणूस. बोटं मात्र इतकी लांब, की माझी सासू म्हणायची, "या पोराला विड्या वळायला बसवलं असतं तर एकट्याच्या जिवावर कारखाना चालला असता." लग्न केलं नव्हतं त्यानं. बेस हीच तुझी बायको, म्हणून सगळे चिडवायचे.

मी वार्केम. दुराकमान यांना सगळे उवा, म्हणजे थोरले काका, म्हणायचे; त्यांच्या तार्लिंग गाण्यांच्या पार्टीत मी अकरा वर्षं गायले. गिटार, बासरी, ढोल, बेस आणि पुढे गाणारी बाई, एवढ्या लवाजम्यावर आमच्या इंद्रमायूच्या किनाऱ्याला लग्नं होतात, सुंता होतात, नव्या बोटी पाण्यात उतरतात. ढोल माझा नवरा वाजवायचा, रास्दान. चासमादी त्याच्याहून चार वर्षांनी लहान, पण दोघांचं मेतकूट असं जमलेलं की जेवायला एक बसला की दुसऱ्याचं ताट मी न विचारताच वाढायची. मला तो यायू म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

त्या वर्षी उवांनी जातीबारांगच्या एका मोडलेल्या पार्टीचा बेसचा अँप्लिफायर घेतला. जड, लोखंडी, दोन माणसांनी उचलायचा. सुताराकडून दोन खोकी करून घेतली, प्रत्येकात परातीएवढा स्पीकर. सुतारानं नेहमीच्या रिवाजाप्रमाणे खोक्यांच्या पाठीला घरातले असतात तसे दोन भोकांचे सॉकेट बसवून दिले. आमच्याकडे सगळ्याच पार्ट्यांची खोकी तशीच असायची. आता राहिल्या वायरी. नाद्रानचा सण, म्हणजे कोळ्यांचा समुद्राला नैवेद्य, गुरुवारी होता आणि मुआरा केंडालच्या बंदरावर आमचा कार्यक्रम ठरलेला होता. सोमवारी चासमादी आणि रास्दान वायर आणायला बसनं चिरेबोनला निघाले. मला पावडर नि चपला घ्यायच्या होत्या, म्हणून मीही गेले.

दुकान एका चिनी बाईचं होतं. सगळे तिला ची हुआ म्हणायचे. साठीची असेल, चष्मा कपाळावर, आणि जिभेला हाड नाही.

चासमादीनं गिटारची वायर उचलली. "ही द्या. दोन, लांब."

"कशाला?"

"बेसच्या अँप्लिफायरपासून खोक्यापर्यंत."

ची हुआनं वायर त्याच्या हातातनं काढूनच घेतली. "ही गिटारपासून अँप्लिफायरपर्यंत. आत केसासारखी एक तार आणि भोवती जाळी. बारीक आवाज वाहून न्यायला केलेली. बेसचा जोर हिच्यातनं सोडलास तर तापेल, वितळेल, आणि तुझ्या मशीनचं काळीज जळेल. हात लावू नकोस तिला."

मग तिनं खालच्या फळीवरनं एक रीळ ओढून काढलं. करंगळीएवढी जाड, आत दोन सारख्या तारा, एकीच्या अंगावर लाल रेघ. "ही घे. खोकी जेवढी दूर, तेवढी वायर जाड. रेघेची तार लाल स्क्रूला, दुसरी काळ्याला. दोन्ही खोक्यांना सारखीच लाव, नाहीतर एक स्पीकर पुढे ढकलेल नि दुसरा मागे ओढेल, आणि बेस कुठे गेला म्हणून सगळा गाव शोधत बसेल."

रास्दान हसला. "तसाही कुठे कुणाला ऐकू येतो याचा बेस!"

"तोंडांचं काय?" चासमादीनं विचारलं.

ची हुआनं एक गोल, निळ्या तोंडाचा कनेक्टर पुढे ठेवला. सॉकेटमध्ये घालून पिळला की खट् आवाज करून बसायचा. ओढला तरी निघायचा नाही. "हा लाव. वेड्यानं ठरवलं तरी हा घरातल्या विजेच्या सॉकेटमध्ये शिरणार नाही. आणि तुम्ही लोक ते घरातले प्लग लावता ना, ते अजिबात लावायचे नाहीत. ऐकतोयस का, भाऊ?"

"किती लागतील?"

"दोन वायरींची चार टोकं, आणि तेवढेच सॉकेट. आठ नग. माझ्याकडे आहेत तीन. बाकीचे शनिवारी जकार्ताहून येतील."

"कार्यक्रम गुरुवारी आहे."

"मग वायर सोलून सरळ स्क्रूखाली आवळ. दिसायला घाण, पण जिवाला धोका नाही."

चासमादी विचारात पडला. ट्रकमध्ये खोकी हलतात, समुद्रावरचा वारा असतो, आवळलेली तार मधेच सुटली तर? तो वायर हातात घेऊन उभाच. बाहेर आमची बस उभी होती, कंडक्टर ओरडत होता. माझ्या पायात नव्या चपला चावत होत्या.

मीच म्हणाले, "अरे, घे ना घरातलेच प्लग. एका दिवसाचा तर प्रश्न. सगळे तेच लावतात. शनिवारी येऊन ते निळे घेऊन जा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग रास्दानकडे. रास्दाननं खांदे उडवले. जाड वायर घेतली, आणि प्लग कोपऱ्यावरच्या दुकानातनं. ची हुआ मागनं काहीतरी म्हणत होती, पण आम्ही बस पकडली.

आता हे समजून घ्या, कारण सगळं याच्यावरच आहे. खोक्याला सॉकेट, आणि अँप्लिफायरपाशी चासमादीनं फळीवर बसवलेले तेही सॉकेट. मग वायरीच्या दोन्ही टोकांना पिना आल्या. एक टोक सॉकेटमध्ये गेलं की दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या. चासमादीला हे कळत होतं. म्हणून त्यानं आपली फळी लाल रंगवली, विजेची फळी पांढरीच ठेवली, आणि सगळ्यांना बजावलं, "लाल म्हणजे स्पीकर. पांढऱ्याला कुणी हात लावायचा नाही."

गुरुवारी सकाळी बोटी नैवेद्य घेऊन निघाल्या. रास्दान त्यांच्यातल्या एकीला ढकलायला गेला आणि मांड्यांपर्यंत भिजून परत आला. स्टेज बंदराच्या वाळूवरच होतं. लाटांचे तुषार यायला लागले म्हणून उवा दुराकमान ओरडले, "मशीन झाका रे!" कुणीतरी अँप्लिफायर, लाल फळी, पांढरी फळी, सगळ्यावर एकच ताडपत्री टाकली. जनरेटर सुरू झालेला होता. बोटी परतताना दिसत होत्या आणि त्या टेकायच्या आत गाणं सुरू व्हायला हवं होतं.

मी स्टेजच्या बाजूला आरसा धरून ओठ रंगवत होते. चासमादी ताडपत्रीखाली हात घालून चाचपडत होता. रास्दान दुसरं टोक घेऊन खोक्याकडे चालला होता, अनवाणी, ओल्या वाळूतून. पिना त्याच्या मुठीत होत्या.

ओरडला नाही तो. नुसता ताठ झाला. मला वाटलं गंमत करतोय, कारण तो नेहमीच काहीतरी करायचा. मग जनरेटरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि रास्दान आडवा झाला. मासळीच्या टेम्पोत घालून त्याला आरोग्य केंद्रात नेलं. रस्त्यातच गेला. माझ्या हातात आरसा तसाच होता, तो कुणीतरी काढून घेतला.

चासमादी तिथेच सगळ्यांसमोर म्हणाला, "पांढऱ्यात घातला. मी घातला. माझ्या हातानं." पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. लोकांनी त्याला धरून बसवलं आणि पाणी पाजलं.

आणि मग सुरू झालं समजावणं. गावचे मुखिया म्हणाले, नशीब. मौलवी म्हणाले, प्रत्येकाचा दिवस लिहिलेला असतो. म्हातारे कोळी म्हणाले, समुद्रानं यंदा आपला वाटा स्वतः निवडून घेतला. पोलीस आले, त्यांनी अपघात म्हणून लिहून घेतलं आणि गेले. माझी सासू, मिमी तार्याम, पोटचा पोरगा गेलेली बाई, तिनं चासमादीचं डोकं मांडीवर घेतलं. "नको रडूस बाळा. तुझ्या हातानं झालं, पण तू नाही केलंस. देवानं केलं."

मला ते ऐकवेना. मी सगळ्यांच्या देखत किंचाळले, "देवानं नाही केलं! प्लगनं केलं! यानं लावलेल्या प्लगनं! त्या बाईनं सांगितलं होतं, यानं ऐकलं नाही!"

बायकांनी मला आत नेलं. दुःखानं डोकं फिरलंय म्हणाल्या. पण चासमादीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा कुणाकडे धड पाहिलं असेल.

सातव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या दारासमोर येऊन बसायला लागला. सकाळी यायचा, कुंपणापाशी उकिडवा बसायचा. मी बाहेर आले की तोंडाला येईल ते बोलायची.

"आलास? अजून कुणाला मारायचंय? म्हातारी राहिलीय, घे तिला!"

तो मान खाली घालून ऐकायचा. एकदा मी तांदळाचं धुवण अंगावर फेकलं. पुसलंही नाही त्यानं. मिमी मला म्हणायची, "अगं, किती छळशील त्याला?" आणि त्याच्यासाठी केळीच्या पानावर भात नेऊन ठेवायची. तिचा भात तो खायचा नाही. ती समजूत घालायला लागली की उठून जायचा. मी शिव्या द्यायला लागले की बसून राहायचा. हे मला समजायला दोन महिने लागले. सगळं गाव त्याला माफ करून बसलं होतं आणि त्या माफीत त्याचा श्वास कोंडत होता. मी एकटीच त्याला खरं बोलत होते.

बेस त्यानं उवांच्या दारात नेऊन ठेवला होता. मिठागरावर कामाला लागला होता. बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यात मीठ जायचं. घरी राहणं सोडून तो मिठाच्या झोपडीतच राहू लागला. एकदा मिठागराच्या मुकादमानं त्याला भरतीच्या वेळी खाडीत छातीएवढ्या पाण्यात उभा पाहिला आणि ओढून काढला. तेही लोकांनी मलाच येऊन सांगितलं, जणू मी काही करू शकत होते.

दुसऱ्या दिवशी तो दाराशी आला तेव्हा माझा संताप अनावर झाला. "मरायला निघालास? मग सुटशील तू! आणि ते शेजारच्या गावात आज लग्नाला पार्टी आलीय, ते काय लावून बसलेत माहितीये? तेच प्लग! तेच! इथे बसून माझं तोंड काय बघतोस? जा, त्यांना सांग की!"

मी जाळायला म्हणून बोलले होते. तो उठला आणि खरंच गेला.

तिथे त्यानं सांगितलं. दोन्ही टोकं दाखवली, एक सॉकेटमध्ये घाला म्हणजे दुसरं काय होतं ते बघा म्हणाला. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "दादा, तुमच्या मित्राचं ऐकलं, फार वाईट झालं. नशीब." चासमादीनं खिशातनं पक्कड काढली आणि चारही प्लग कापून टाकले. स्क्रूखाली तारा आवळून दिल्या. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला.

मग हे सुरूच राहिलं. जिथे कार्यक्रम तिथे हा सकाळी हजर. आधी विनवायचा. ऐकलं तर स्वतः बसून सगळं बदलून द्यायचा. नाही ऐकलं तर लक्ष नसताना कापून पळायचा. लोक थट्टा करायला लागले. "आले बघा प्लगांचे मौलवी! पिना झाका रे, नाहीतर सुंता करून जातील!" कुणी कुत्रं सोडलं. एका लग्नात नवरीच्या मामानं त्याला चिखलात लोळवला. कपडे झटकून पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या गावी.

हे सगळं माझ्या कानावर यायचं. आता तो माझ्या दारी येत नव्हता. न येण्यानं सुटल्यासारखं व्हायला हवं होतं, तसं काही झालं नाही.

पावसाळ्यानंतर लग्नांचे दिवस आले. लोसारीकडच्या एका पार्टीचा मोठा कार्यक्रम होता, बाहेरून पाहुणे आलेले. चासमादीनं ऐन सुरुवातीला त्यांच्या सगळ्या वायरी कापल्या. तिघांनी त्याला ट्रकच्या मागे नेलं. एकानं त्याचा हात ट्रकच्या फळक्यावर धरला आणि दुसऱ्यानं स्पीकरच्या लोखंडी स्टँडनं बोटांवर मारलं. डाव्या हाताची चार बोटं. बेसच्या तारा दाबायची.

दुपारी मिमीनं मला सांगितलं. हाड बसवणाऱ्याकडे नेलंय, म्हणाली. मी भात, मिरचीतलं बदक आणि पाण्याची बाटली घेतली आणि गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही.

तो भिंतीला टेकून बसला होता. हाताला बांबूच्या पट्ट्या बांधलेल्या, चेहरा काळानिळा. मला पाहून उठायला लागला.

"बस," मी म्हणाले. "खा."

"यायू, तिथेही दोन्ही फळ्या शेजारी होत्या. रंगसुद्धा एकच. मी चार वेळा सांगितलं त्यांना."

"खा आधी."

उजव्या हातानं त्यानं दोन घास घेतले. मी त्याच्याकडे न बघता विचारलं, "दुकानात मी म्हणाले होते ना. एका दिवसाचा तर प्रश्न, घे म्हणून. मीच म्हणाले होते. एवढं तुला मी बोलले, एवढ्या शिव्या दिल्या, भर गावात दिल्या. एकदाही तू तो विषय काढला नाहीस. का?"

त्यानं घास ताटात परत ठेवला. "वायर तुम्ही करत नाही, यायू. मी करतो. मला कळायला हवं होतं."

मी तिथे रडले. रास्दान गेल्यावर किंचाळले होते, छाती बडवली होती, पण अशी रडले नव्हते.  चासमादीनं समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मी आजही त्याचे उपकार मानते.

"मी तुला माफ केलेलं नाही," निघताना मी म्हणाले.

"माहितीये."

"आणि कापाकापी बंद कर. मारून टाकतील तुला. उद्यापासून मी बोलते."

पहिल्यांदा उवा दुराकमान यांच्याकडेच गेले. त्यांच्या पार्टीत अजून तेच प्लग होते. हो, रास्दाननंतरही तेच. उवा ओट्यावर सिगारेट ओढत होते.

"नोक," ते म्हणाले, मला अजून पोरगीच समजून, "वायरी-बियरी बायकांना काय कळतंय? बस, चहा घे."

"उवा, मला एवढंच कळतं, माझा नवरा कसा मेला. पुढच्या लग्नात मी येणार. गाणार नाही. नवरीच्या आईजवळ बसून तिला सांगणार, रास्दान कसा ताठ झाला, त्याच्या तळहाताला कसा वास येत होता. मग दुसरीला सांगेन. मग तिसरीला."

उवांची सिगारेट बोटात जळत राहिली. "असं अशुभ बोलतात का लग्नात?"

"मी बोलणार."

त्या आठवड्यात उवांनी चिरेबोनहून निळे कनेक्टर मागवले. बसवायला चासमादी बसला, पण त्याची बोटं वाकडी जुळली होती, बारीक स्क्रू पकडीत येईना. मग तो सांगायचा, मी आवळायची. लाल रेघ इथे, दुसरी तिथे, तारेचा एक केसही बाहेर राहता कामा नये. पहिल्या वायरीला मला अख्खी दुपार लागली.

विधवेला कुत्रं सोडत नाहीत. थट्टाही तोंडावर करत नाहीत. दीड वर्षात अकरा पार्ट्यांनी प्लग काढले. दोघांनी दारातनं परत पाठवलं. लोसारीवाल्यांनी बदलले, पण चासमादीला आत येऊ दिलं नाही. तो रस्त्यापलीकडे उभा राहिला आणि मी एकटीनं केलं.

मला वाटायला लागलं होतं की आता तो सावरेल. मिठागरावर मुकादमाशी थोडंफार बोलायला लागला होता. एकदा झोपडीच्या दारात पाय आपटून ताल धरताना मी त्याला पाहिलं. मला पाहून थांबला.

मग गेल्या महिन्यात सुबांगच्या बाजूला एका खेड्यात एकोणीस वर्षांची गाणारी मुलगी गेली. सुंतेचा कार्यक्रम, भर दुपार. वायर हलवायला म्हणून तिनं टोक उचललं. त्या गावापर्यंत आम्ही पोचलो नव्हतो. ती पार्टी आहे हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं.

बातमी मला बसमध्ये कळली. मी सरळ मिठागरावर गेले. त्याला आधीच कळलं होतं. चटईवर पडून होता, तोंड भिंतीकडे. तीन दिवस पोटात काही नव्हतं, मुकादम म्हणाला.

"ऊठ," मी म्हणाले.

"काय उपयोग?"

काहीतरी बोलायला हवं होतं. अकरा पार्ट्या वाचल्या, असं म्हणता आलं असतं. नशीब म्हणता आलं असतं. तो शब्द माझ्या तोंडापर्यंत आला, खरंच आला, आणि मी ओठ मिटून घेतले. उन्हं कलेपर्यंत त्याच्या पायथ्याशी बसून राहिले.

मग आम्ही सुबांगला गेलो. मुलीच्या बापानं दार उघडलं, आम्ही कोण ते ऐकलं आणि दार लावून घेतलं. त्याचा काय दोष? परतीच्या थांब्यावर मी भाताची दोन पुडकी घेतली. चासमादीनं आपलं उघडून मांडीवर ठेवलं. निम्मं खाल्लं. निम्म्याला हात लावला नाही.

"त्या भागात अजून किती पार्ट्या असतील?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत? वीस असतील. तीस असतील."

 चासमादी अजून मिठागरावरच आहे. डाव्या हाताच्या मुठीत फावडं बसत नाही, म्हणून दोरीनं बांधून घेतो. बेस उवांनी दुसऱ्या माणसाला दिला. तो बरा वाजवतो. मी आता पुन्हा गाते, महिन्यातनं दोनदा, आणि स्टेजवर चढायच्या आधी प्रत्येक वायर दोन्ही टोकांपर्यंत हातानं चाचपते. लोक म्हणतात, बाईला वहीम आहे.

बुधवारी आमच्या शेजारच्या गावात सुबांगकडची एक पार्टी येते आहे. मी मिठागरावर निरोप ठेवला आहे. चासमादी येईल की नाही, मला सांगता येत नाही.